अर्धा श्वास उशिरा

“पण पलीकडून आवाज उशिरा का येतो, बाई?”

“किती उशिरा?”

“फार नाही. अर्धा श्वास.”

“कुणाचा?”

 बाईंच्या अशा प्रश्नांना काय उत्तर द्यायचं, हे पीएच.डी. संपत आली तरी वैजयंतीला कळलं नव्हतं.

बाई म्हणजे प्राध्यापक इंदुमती सोनटक्के. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणी परत मागितल्या नाहीत आणि त्यांनीही दिल्या नाहीत. रोज सकाळी मांडीवर डबा घेऊन रिक्षाने यायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. संस्थेत बाकी सगळे सर आणि मॅडम होते. बाई एकट्याच.

“तार खराब झाली असेल,” वैजयंती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

“असेल,” म्हणाल्या.

*

तार कसली, ते सांगायला हवं.

पुण्यातल्या एका टेकडीच्या अलीकडे वैजयंतीची खोली होती, पलीकडे नसरीनची. दोन्ही खोल्यांत एकेका अतिथंड डब्यात तांदळाच्या कणीएवढा हिरा ठेवलेला. प्रत्येक हिऱ्यात एक इलेक्ट्रॉन, पिंजऱ्यातल्या पाखरासारखा अडकवून ठेवलेला. टेकडीला वळसा घालून गेलेल्या काचेच्या तंतूतून प्रकाश सोडायचा आणि अलीकडच्या इलेक्ट्रॉनची पलीकडच्याशी गाठ घालून द्यायची, हे त्या दोघींचं काम.

पुस्तकात त्याला क्वांटम एंटँगलमेंट म्हणतात. बाई म्हणायच्या, गुंफण.

गुंफण पडली की दोघे इलेक्ट्रॉन दोन राहत नाहीत. मधे टेकडी असली तरी नाही. पण ही गुंफण पडते ती कच्ची. जरा ऊब लागली, जरा थरथर झाली की सैल होते. तिची प्रत सुधारायची कशी, हाच वैजयंतीच्या प्रबंधाचा विषय होता.

युक्ती तशी जुनी. दोन कच्च्या गुंफणी घ्यायच्या. पहिली पडली की ती शेजारच्या अणूकडे सांभाळायला द्यायची आणि दुसरी पाडायची. मग एकीला दुसरीबद्दल विचारायचं. जिला विचारलं ती तिथेच मोडते, ती गेलीच. पण मोडताना दोन्ही टोकांना एकेक खूण देऊन जाते. हिरा उजळतो, किंवा अंधारा राहतो. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या, तर मागे राहिलेली गुंफण आधीपेक्षा पक्की. नाही जुळल्या, तर तीही टाकून द्यायची.

म्हणजे एक खर्च करायची, तेव्हा एक सुधारते. आणि ती सुधारली की नाही हे कळायला दोन्ही टोकांनी एकमेकांना खरं सांगावं लागतं.

दोन्ही खोल्यांतले संगणक जोडायचा प्रस्ताव मंजुरीसाठी वर गेला होता. तो वरच राहिला. त्यामुळे दोन टेबलांवर एका तारेने जोडलेले दोन जुने काळे टेलिफोन होते आणि बाईंनी घालून दिलेली एक रीत होती. यंत्राची घंटी दोन्हीकडे एकाच वेळी वाजायची. वाजली की दोघींनी एकदम बोलायचं. उजळ किंवा अंधार, एवढंच. आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. विचारपूस नाही.

“आणि समजा मला शिंक आली तर?” पहिल्या दिवशी नसरीनने विचारलं होतं.

“तर ती गुंफण टाकून द्या,” बाई म्हणाल्या होत्या. “शिंकून झाल्यावर सांगू नकोस.”

*

नसरीन शिकलगार मूळची तासगावची. बोलायला लागली की तासगाव टेबलावर येऊन बसायचं.

मनासारखी गुंफण पडायला बराच वेळ लागायचा. मधल्या वेळात फोन चालूच असायचा आणि दोघी बोलत असायच्या. भावाच्या लग्नात कुणी कसा पाय मुरगळून घेतला, मेसमधली आमटी काल वरण होती ती आज कशी झाली, कुणाच्या गाइडने कुणाचा निबंध किती महिने दाबून ठेवलाय.

मधेच घंटी.

“उजळ!” दोघी एकदम.

की लगेच नसरीन म्हणायची, “अगं, किती ओरडतेस! तुझा उजळ टेकडीवरनं पण ऐकू येतो. फोन कशाला पाहिजे?”

वैजयंती खरंच ओरडायची. तिचा स्वभावच दचकण्याचा. दार आपटलं, कप पडला, मागून कुणी नाव घेतलं, की ती जागच्या जागी उडायची. घंटी वाजणार हे माहीत असूनही दर वेळी तिच्या काळजात धस्स व्हायचं आणि आवाज चढायचा. नसरीनला त्याचं हसू यायचं.

त्या दिवसांत निम्म्याहून थोड्या जास्त खुणा जुळायच्या. बाकीच्या टाकून द्यायच्या. दोघींना त्याचं काही वाटायचं नाही.

मग कळलं, की परदेशातला एक गट याच कामावर आहे आणि त्यांचं बहुतेक झालंय.

त्यानंतर वैजयंतीला टाकून दिलेली प्रत्येक गुंफण मोजल्यासारखी दिसायला लागली.

“उजळ!”

“अंधार.”

“अंधार कसा? परत बघ.”

“बघितलं.”

“नीट बघ ना, नसरीन! माझ्याकडे लख्ख उजळलंय.”

“मग माझ्याकडे लख्ख अंधार आहे. काय करू? काडी लावू?”

पूर्वी वैजयंती हसली असती. त्या दिवशी म्हणाली, “तुला सगळी गंमतच वाटते. तुझ्या टोकाला काहीतरी बिघाड आहे. तू सकाळी आरसे लावतेस का नीट? की गप्पाच मारतेस?”



“लावते गं,” नसरीन म्हणाली.

वैजयंती चिडलेली नव्हती. घाबरलेली होती. पण भीतीने चढलेला आवाज तारेतून जाताना रागाचाच होऊन पोचतो. तो आपल्या कानाला तसा लागत नाही, एवढंच.

असं किती वेळा झालं, तिच्या लक्षात नाही. तिला लक्षात आहे ते एवढंच, की एका सकाळी घंटी वाजली, ती “अंधार” म्हणाली आणि पलीकडचं “अंधार” तिच्या आवाजाला चिकटून आलं नाही. सुटं आलं. जरासं मागून.

खूण जुळली होती. तरी तिला कसंतरी झालं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि पाय सरळ जमिनीला लागावा, तसं.

म्हणून ती बाईंकडे गेली होती.

*

तिने तार बदलून घेतली. टेलिफोनवाल्यांच्या मागे लागून नवी ओढून घेतली, या टेबलापासून त्या टेबलापर्यंत.

आवाज स्वच्छ झाला. पलीकडच्या पंख्याची घरघरसुद्धा ऐकू यायला लागली.

अर्धा श्वास तसाच राहिला.

पण आता खुणा जुळत होत्या. एकामागून एक. उजळला उजळ, अंधाराला अंधार. टाकून द्यायला काही उरेना. वैजयंतीला रात्री झोप लागायला लागली, आणि माणसाला झोप लागायला लागली की तो अर्ध्या श्वासाची चौकशी करत नाही.

“बाई, आज एकही फुकट गेली नाही!”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“अरे वा,” बाई म्हणाल्या. आणि वैजयंतीकडे न बघता फोनकडे बघत राहिल्या.

गप्पा थांबल्या होत्या. हे तिला फार उशिरा कळलं. त्या वेळी वाटलं होतं, बरं झालं, काम होतंय.

ठेवलेली गुंफण किती पक्की, हे यंत्रं लगेच मोजून ठेवायची; खुणा मात्र फोनवरच सांगायच्या. महिनाअखेर दोन्हीकडची ती मोजमापं बाईंपुढे यायची, त्या मांडून बघायच्या.

त्या महिन्याचं मांडून झालं. बाईंनी कागद वैजयंतीपुढे सरकवला.

प्रत सुधारली नव्हती. घसरली होती. निम्म्या गुंफणी टाकून देत होत्या त्या दिवसांपेक्षाही खाली.

“हे शक्य नाही. सगळ्या खुणा जुळल्यात, बाई!”

“हो ना.”

“मग बंध सैल कसा?”



*

पुढच्या बैठकीला सगळा गट होता. टेबलाभोवती जागा पुरली नाही म्हणून दोघे-तिघे खिडकीत बसले होते.

वैजयंती उभी राहिली. तिने आपल्या हिऱ्याच्या तपासण्या दाखवल्या, आरसे दाखवले, तापमान दाखवलं. सगळं चोख होतं. मग म्हणाली,

“माझ्या टोकाची साक्ष मी देते. पलीकडच्या टोकाची कोण देणार?”

तिला टाळी नको होती, पण वाक्य चांगलं झालंय हे तिला बोलतानाच कळलं. ते आठवलं की आता तिला स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

सगळे नसरीनकडे बघायला लागले.

नसरीनने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“बरोबर आहे तिचं,” म्हणाली.

तेवढंच. भांडली नाही. वैजयंती भांडणाची तयारी करून आली होती. तिच्याकडे अजून चार तक्ते होते. ते तसेच राहिले.

काही आठवड्यांनी कळलं, की नसरीनने प्रकल्प सोडला. तासगावजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला जाणार. घरी सगळे खूश आहेत म्हणे.

पलीकडच्या खोलीची घंटी कुणी बंद केली नव्हती. यंत्र आपलं गुंफणी पाडत होतं. अलीकडे घंटी वाजायची, वैजयंती दचकायची आणि “उजळ” म्हणायची. पलीकडून काही यायचं नाही. एकटीने सांगितलेल्या खुणेचा उपयोग काय? ती उजळ असली काय आणि अंधार असली काय.

*

आज नसरीन खोली रिकामी करायला येणार होती. दुपारी तिचा भाऊ गाडी घेऊन येणार आणि सामान घेऊन दोघं परस्पर जाणार. हे वैजयंतीला ऑफिसातल्या माणसाकडून कळलं. नसरीनकडून नाही.

तिने सकाळपासून मोबाइल लावला. नुसता वाजत राहिला.

जेवणाच्या वेळी बाईंनी डबा उघडला. नेहमीप्रमाणे झाकणात थोडी भाजी काढून तिच्यापुढे ठेवली.

“घे.”

“नको बाई. जाणार नाही आज.”

“दुधी आहे. घशाखाली उतरेल.”

तिने पोळीचा तुकडा मोडला, भाजी खाल्ली.

“कशी झालीय?”

“छान.”

“काल?”

“कालचीपण छान होती. तोंडल्यांची.”

बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

“दिवाळीपासून माझं मीठ बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

वैजयंतीचा हात झाकणावरच थांबला.

“कळलं नाही तुला?”

“…कळलं होतं.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“मग?”

“तुम्ही एवढ्या मायेनं देता… तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

बाईंनी आणखी एक घास घेतला. सावकाश चावला.

“बघ,” म्हणाल्या, “आपलं दोघींचं किती जुळतं.”

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. लागत नव्हती. वैजयंतीला तो आवाज ऐकू येत होता आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

“बाई…”

“हं.”

“ती माझं ऐकायची. आधी माझं ऐकायची आणि मग तेच सांगायची.”

बाई जेवत होत्या.

“तिच्याकडे अंधार असला तरी उजळ म्हणायची. म्हणून सगळ्या जुळल्या. टाकायच्या होत्या त्या सगळ्या आम्ही ठेवल्या.” तिचा आवाज चढला. “पण मग खोटं बोलली ती, बाई! विज्ञानात असं चालतं? भीती वाटली म्हणून काय कुणी निरीक्षण बदलतं?”

“तू भाजीला छान म्हणालीस.”

“ती भाजी होती!”

“माझं जेवण होतं.”

वैजयंतीने झाकण खाली ठेवलं. तिला वाटलं, बाईंनी रागवावं. निदान मोठ्याने बोलावं. बाईंनी डब्यातला शेवटचा पोळीचा तुकडा तिच्यापुढे केला, तिने मान हलवली, तो त्यांनी स्वतः खाल्ला.

“मी तिला म्हटलं होतं, तुझ्या टोकाला बिघाड आहे. सगळ्यांसमोर म्हटलं.”

“म्हटलंस.”

“आधीही म्हणत होते. खूण जुळली नाही की म्हणत होते.”

“खूण जुळत नाही तेव्हा चूक कोणत्या टोकाची असते?”

हे तिला येत होतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेलाही आलं असतं.

“सांगता येत नाही. खूण जोडीची असते. एका टोकावरून…” ती अडखळली. “एका टोकावरून काहीच सांगता येत नाही.”

“मग तू कसं सांगत होतीस?”

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं. “मी अर्ध्या श्वासाचं विचारायला आले, तेव्हाच?”

“कान मलाही आहेत.”

“मग बोलला का नाहीत?”

बाईंनी डब्याचे पुडे एकात एक बसवले. कडी लावली. ती नीट बसली नाही, परत लावली. त्या बोटांकडे बघताना वैजयंतीला पहिल्यांदाच वाटलं, की बाई म्हाताऱ्या झाल्यात.

“तुझा प्रबंध व्हावा असं मलाही वाटत होतं,” बाई म्हणाल्या. “जुळतंय म्हणालीस, बरं वाटलं. गप्प बसले.”



*

वैजयंती उठली. मोबाइल हातात घेतला.

“मी तिची माफी मागते.”

“माग.”

“सगळं सांगते. माझंच चुकलं म्हणते. भाजीचंही सांगते.”

“ती काय म्हणेल?”

“नसरीन? ती म्हणेल…” वैजयंतीच्या डोळ्यांपुढे ओढणीचं टोक आलं. “म्हणेल, असू दे गं.”

“आणि तुला बरं वाटेल.”

“हो.”

“म्हणजे पुन्हा तुझ्या मनासारखं.”

 मोबाइलच्या काचेत वैजयंतीला स्वतःचाच चेहरा दिसत होता, म्हणून तिने तो पालथा टेबलावर ठेवला.

तिला आठवत राहिलं. नसरीन तिला शेवटचं नाही कधी म्हणाली होती? खूप मागे जावं लागलं. काडी लावू का म्हणाली होती, ते. त्या दिवशी ती नाहीच म्हणत होती. हसत हसत, पण नाही. त्यानंतर वैजयंतीने जे जे विचारलं त्याला हो आलं. आरसे लावलेस? हो. परत बघितलंस? हो. उजळ? उजळ. इतके हो गोळा झाले होते आणि त्यांतला एकही वापरता येण्यासारखा नव्हता. आणि आता जाऊन तिच्याकडे माफी मागायची, म्हणजे अजून एक हो मागायचा.

“मग मी काय करू, बाई?”

“फोन लाव.”

“उचलत नाहीये सकाळपासून.”

“तो नाही. हा.”

बाईंनी काळा टेलिफोन तिच्याकडे सरकवला. तो एकाच ठिकाणी वाजत असे. टेकडीपलीकडच्या टेबलावर.

“पण काय बोलू?”

“लाव आधी.”

तिने रिसीव्हर उचलला. कानाला लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली. तिला ती खोली दिसत होती. खिडकीला लावलेला काळा कागद, एका कोपऱ्यात सुटलेला. भिंतीला टेकवलेली खोकी. नसरीन खोकी बांधताना सुतळी दाताने तोडते, कात्री शेजारी असली तरी.

वाजून वाजून घंटा आपोआप थांबली.

“गेली असेल.”

“असेल.”

तिने पुन्हा लावला.

वाजत राहिला. वैजयंतीने मनात वाक्यं जुळवायला घेतली. नसरीन, मी चुकले. नको. नसरीन, तू काही म्हणू नकोस, फक्त ऐक. हेही नको, ऐकतच तर होती ती इतके महिने. नसरीन, तू परत ये. ती येईल. मी मागितलं म्हणून येईल, तासगावच्या नोकरीला नाही म्हणून येईल आणि परत अर्धा श्वास मागे उभी राहील. जे वाक्य काढावं ते पलीकडे जाऊन नसरीनच्या खांद्यावर हात ठेवत होतं आणि तिला आपल्याला हवं तिकडे वळवत होतं.

घंटा थांबली.

“बाई, तिला यायचंच नसेल तर?”

“तर तसं सांगेल.”

“नाही सांगणार ती! तिला नाही म्हणताच येत नाही.”

“येत होतं,” बाई म्हणाल्या.

वैजयंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला तिच्याकडे हात नव्हता. एकात रिसीव्हर, एकाने कळ दाबून परत फोन लावत होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ती दचकली. पलीकडची गाडी इथे ऐकू येणार नाही, मधे अख्खी टेकडी आहे, हे कळत असूनही तिने खिडकीतून वाकून बघितलं. भाजीवाल्याचा टेम्पो होता.

फोन वाजत होता. वाजत होता.

एखाद्या रिकाम्या खोलीत फोन वाजतो तेव्हा कसा वाजतो आणि माणूस शेजारी उभं असताना कसा वाजतो, यात फरक असतो का? तिला वाटलं, असतो. तिला वाटलं, तिकडे कुणीतरी आहे, हातातलं खोकं खाली न ठेवता फोनकडे बघत उभं आहे. पण तिला काय, काहीही वाटायचं.

मग आवाज तुटला.

थांबला नाही. तुटला. खट्कन.

पंख्याची घरघर आली. आणि त्या घरघरीच्या अलीकडे, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास.

वैजयंती दचकली. जुळवलेली सगळी वाक्यं एकदम घशाशी आली, कुठलं आधी काढावं कळेना. तिने तोंड उघडलं आणि बाईंकडे बघितलं.

पलीकडे कुणी हॅलो म्हटलं नाही. 

बाई खुर्चीतून उठल्या. तिच्याजवळ आल्या आणि तिच्या मनगटाला हलकेच धरून, रिसीव्हर तिच्या कानाशी तसाच राहील असा, हळू आवाजात म्हणाल्या,

“ठेवूही नकोस… बोलूही नकोस.”